तापातली आकडी

पोर तापाने फणफणले, डोळे फिरले, दातखीळ बसली की घरात रडारड होते. श्रोतेहो, हे भय जुने आहे. सात वर्षांच्या आतल्या मुलांना जोराच्या तापात झटके येतात, हे हिपोक्रेटिसने नोंदविले. सुश्रुतसंहितेतल्या नऊ बालग्रहांपैकी स्कंदापस्मार हा शुद्ध हरपविणारा. आपल्याकडे कांदा हुंगवतात, चप्पलही! झटका बहुधा पाच मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जाते.

विसाव्या शतकात ग्रहाची जागा फेफऱ्याच्या धास्तीने घेतली. ताप साध्या विषाणूचा असला, तरी पुढे फेफरे जडेल म्हणून डॉक्टर फिनोबार्बिटोन रोज देत, वर्षानुवर्षे. पण त्यांचे अंदाज बांधले होते ते मोठ्या इस्पितळांत पोचलेल्या मुलांवरून. कोर्टात आलेल्या तंट्यांवरून सगळ्या गिरणीचा कारभार ठरवावा, तशातला प्रकार!

अमेरिकेत सुमारे ५४,००० गरोदरपणांपासून मुलांची नोंद ठेवलेली होती. तीतून करिन नेल्सन व योनास एलेनबर्ग यांनी तापात आकडी आलेली १,७०६ मुले काढली. १९७६ साली त्यांनी निष्कर्ष छापला : सातव्या वर्षापर्यंत फेफरे जडले ते शंभरात सुमारे दोघांना.

औषधाचा हिशेब १९९० साली लागला. दोन वर्षांनंतर औषधाच्या गटातील मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ८.४ ने कमी भरला. झटके मात्र घटलेले दिसले नाहीत. १९९९ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने साध्या आकडीसाठी रोजचे औषध नको, असे सांगितले. तोवर कित्येक पोरांनी ते गिळले होते.