वाट पाहण्याची विद्या

‘सॉकेट’ म्हटले की घरातल्या भिंतीवरची विजेची खोबण डोळ्यांपुढे येते. संगणकाच्या जगातले सॉकेटही जातीने तेच. फरक इतकाच की ते हाताला लागत नाही, आणि त्यातून वीज नव्हे, बोलणे वाहते. एका यंत्राने आपली खोबण उघडायची, दुसऱ्याने पत्ता आणि दाराचा क्रमांक सांगून तिला येऊन जोडायचे, की दोघांचे लिहिणे-वाचणे सुरू. ही सोय १९८३ साली बर्कली विद्यापीठाने आपल्या युनिक्स प्रणालीतून जगाला दिली. मॅट्रिकपुढे न गेलेल्या मास्तराने असल्या विषयाला हात घालावा, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण हा तर रस्त्यांचा आणि टपालाचाच इतिहास आहे, आणि तो सांगायला आमच्या गावाइतके योग्य ठिकाण नाही.

आगगाडी १८५४ साली कल्याणला आली आणि दोन वर्षांनी अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीकडे गेली. फाळणीनंतर सिंधमधली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आमच्या शेजारच्या सिंधी आजी सांगत, त्यांचा धाकटा भाऊ वाटेत चुकला तो कोणत्या शहरी गेला हेच कळेना. त्या रोज दुपारी टपालकचेरीत जात आणि विचारीत, “आमचे काही आले का?” रोज ‘नाही’ ऐकून परत येत. अखेर पत्र अजमेरहून आले, तेही त्या कचेरीत गेल्या असताना पोस्टमनने घरी आणून टाकले! हे सांगताना आजी हसत. ऐकणाऱ्याला मात्र हसू येत नसे.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या यंत्रांचे टपाल पाहा. एर्नेट नावाच्या सरकारी प्रकल्पात, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने, १९८७ साली मुंबईतील एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून पत्रे धावू लागली. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमाणी हे या कामाचे एक धुरीण. १९८९ साली त्या संस्थेचा दुवा अमेरिकेतील यूयूनेटशी जुळला. त्याचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आजच्या लेखनपद्धतीत एका देवनागरी चिन्हाला २४ बिट लागतात; म्हणजे सेकंदाला फार तर ४०० चिन्हे. हा लेख पाठवायलाही काही सेकंद लागले असते! सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते पुढे, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

त्याच सुमारास, १९८९ च्या नाताळच्या सुटीत, नेदरलंडमध्ये गुइडो व्हान रॉसम हे गृहस्थ एक नवी भाषा रचायला बसले. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव पायथन. लिहायला सोपी, धावायला संथ. म्हणून अवजड काम सी भाषेतल्या पुरवणीने करायचे आणि हुकूम तेवढा पायथनने सोडायचा, अशी वहिवाट पडली. टेबलावरच्या विंडोज यंत्रांसाठी सॉकेटचे सामायिक नियम १९९३ पर्यंत ठरले होते. रस्ता झाला, प्रश्न उरला तो गर्दीचा.

बर्कलीची जुनी रीत ‘सिलेक्ट’ची, म्हणजे आमच्या आजींचीच: प्रत्येक फेरीला सगळ्या खोबण्यांची यादी पुढे करून ‘कोणाचे काही आले का?’ असे विचारायचे. विंडोजवरच्या पायथनात या यादीला ५१२ ची मर्यादा. माझा एक जुना विद्यार्थी उल्हासनगरात कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे संगणकाचे काम पाहतो. गावोगावची दुकाने त्याच्या एका यंत्राला जोडलेली. सणासुदीत आकडा ५१२ च्या पुढे गेला आणि यंत्र अडून बसले. मालक म्हणाले, “मोठे यंत्र आणू, त्यापायी एक कारकून कमी करावा लागला तरी चालेल.” पोरगा माझ्याकडे आला तो त्या कारकुनाच्या चिंतेने. “सर, यंत्र दमलेले नाही हो. ते नुसते विचारत बसते.”

उपाय मात्र जुनाच निघाला. विंडोज एनटीच्या १९९४ च्या आवृत्तीत ‘कम्प्लीशन पोर्ट’ नावाची सोय आली होती. तिच्यात विचारणा नाहीच. ‘या खोबणीतून येईल ते इथे उतरवून ठेव’ एवढे आधी सांगायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. काम उरकले की प्रणाली पेटीत चिठ्ठी टाकते. मोकळा असेल त्याने ती उचलावी. रिकामी फेरी नाही, आणि खोबण्या वाढल्या म्हणून यादी चाळण्याचा खर्चही वाढत नाही. हे अवघड यंत्रकाम सी भाषेतल्या पुरवणीत असते. पायथन लिहिणाऱ्याला दिसते ती फक्त चिठ्ठी. २०१४ साली ही व्यवस्था पायथनच्या पदरी आली, २०१९ पासून विंडोजवर न सांगता चालू झाली. विद्यार्थ्याच्या पेढीतला पायथन त्याआधीचा होता. मुलाने दोन रात्री बसून तो बदलला. यंत्र तेच, टेबल तेच, आणि दिवाळीच्या हिशेबाला कारकूनही तोच.