मल्लखांब : तालमीपासून घरापर्यंत

मल्लाला सरावासाठीं जोडीदार लागतो. परंतु जोडीदार सदैव मिळतोच असें नाहीं. मिळाला तरी तो थकतो, आणि नवशिक्याच्या हातून एखाद्याचा हातपाय दुखावण्याची धास्ती असतेच. ही अडचण जितकी जुनी, तितकाच तिच्यावरचा तोडगाहि जुना आहे. जमिनींत एक लांकडी खांब पुरावा, त्यालाच प्रतिपक्षी मानावें आणि त्याच्याशीं झुंजावें. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लांच्या विनोदाचें जें वर्णन आलें आहे, त्यांत खांबावरील श्रमालाहि स्थान आहे. मल्लखांब हें नांवच सांगतें कीं, हा खांब मल्लाचा; खेळगड्याचा किंवा डोंबाऱ्याचा नव्हे.

यापुढें कित्येक शतकें ही विद्या इतिहासाच्या पानांवर फारशी दिसत नाहीं. ती पुन्हां प्रकाशांत येते ती दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत. परंपरा अशी कीं, निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब नांवाचे दोन पहिलवान पुण्याच्या दरबारांत आले व त्यांनीं जोडीचा मल्ल मागितला. कोणीच पुढें येईना, तेव्हां बाळंभटदादा देवधर या तरुणानें तें आव्हान स्वीकारलें, मात्र तयारीसाठीं मुदत मागून घेतली. ती मुदत त्यानें वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासनेंत व तपश्चर्येंत घालविली. तेथें मारुतीनें दृष्टांत देऊन लांकडी खांबावरचे डाव शिकविले, असें भाविक सांगतात. झाडांवर लीलेनें चढणारीं-उतरणारीं वानरें पाहून त्याला ही युक्ति सुचली, असें चिकित्सक म्हणतात. दोन्ही कथांचा मथितार्थ एकच. बाळंभटदादांनीं पुण्यास परत येऊन कुस्ती जिंकली, आणि मल्लखांबाची जी गुरुपरंपरा आज सांगतां येते तिचा आरंभ त्यांच्यापासून झाला.

हा सप्तशृंगीचा गड नाशिक जिल्ह्यांत असला, तरी खान्देशाला तो परका नाहीं. जळगांव व धुळें या भागांतील असंख्य घराण्यांची ती कुलस्वामिनी. चैत्री पौर्णिमेस खान्देशांतून पायीं निघालेल्या यात्रेकरूंच्या दिंड्यांनीं गडाची वाट फुलून जाते. मल्लखांबाच्या कथेंत खान्देशच्या उंबरठ्याचा आणखी एक प्रसंग आहे, आणि तो खेदाचा आहे. या विद्येचा आश्रयदाता दुसरा बाजीराव ३ जून १८१८ रोजीं जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला, तो असीरगडाजवळ धुळकोट येथें. असीरगड म्हणजे फारुकी सुलतानांच्या काळापासून खान्देशचें प्रवेशद्वार. त्या दिवशीं मराठ्यांचें राज्य गेलें. बाजीराव सालीना आठ लाखांचें वेतन घेऊन गंगाकांठीं ब्रह्मावर्तास जाऊन राहिला, आणि खान्देश इंग्रजी अंमलाखालीं आला.

राज्याबरोबर पुष्कळ दरबारी कला लोपल्या. मल्लखांब मात्र लोपला नाहीं. त्याचें कारण असें कीं, ही विद्या दरबाराच्या खजिन्यावर पोसलेली नव्हती. तिला लागे तो एक खांब, थोडी मऊ माती आणि जाणता गुरु. महाराष्ट्रांत गांवोगांव मारुतीचें देऊळ आणि त्याच्या आश्रयानें एखादी तालीम असे. खान्देशांत यात्राजत्रांना कुस्त्यांची दंगल भरते, आणि दंगल आहे तेथें तालीम आहे. शिवाय बलोपासनेच्या विचाराला धुळ्यांत एक स्वतंत्र अधिष्ठान लाभलें होतें. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं तेथें १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि समर्थ रामदासांच्या वाङ्मयाच्या संशोधनास आयुष्य वाहिलें. ज्या संतानें ठिकठिकाणीं मारुतीची स्थापना केली, त्याच्या ग्रंथांचें जतन या नगरींत झालें.

आतां खुद्द खांबाकडे वळूं. पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. सातपुड्याच्या रानांनीं खान्देशाला साग दिलेला आहे, हें येथें आठवावें. खांब जमिनीवर सुमारें साडेआठ फूट उंच, बुंध्याशीं जाड व वर निमुळता होत जाणारा. त्याचे तीन भाग मानतात : खालचें अंग, त्यावरची बारीक मान आणि शेंड्याचें बोंड. ही घडण सहज आलेली नाहीं. अंगाला विळखा घालावयाचा, मानेला हातापायांची पकड घ्यावयाची, आणि बोंडावर तोल सांभाळावयाचा. खांबाला एरंडेल चोळतात, म्हणजे घर्षण कमी होऊन कातडी सोलवटत नाहीं. याखेरीज सांखळीनें टांगलेला मल्लखांब आणि वेताचा मल्लखांब हेहि प्रकार आहेत. पुढें चांगला वेत दुर्मिळ झाला, तेव्हां त्याच्या जागीं सुती दोर आला, आणि त्या दोरानें या विद्येचीं दारें मुलींना उघडून दिलीं. दोराला कोठेंहि गांठ न मारतां, केवळ पायाचा अंगठा व शेजारचें बोट यांच्या चिमटींत तो धरून, मुली अधांतरीं आसनें करूं लागल्या.

शिक्षणाचा क्रमहि पारखून घेण्याजोगा आहे. पहिल्या दिवशीं कोणी बोंडावर चढत नाहीं. आधीं जोर-बैठका व सूर्यनमस्कार यांनीं अंग तापवावयाचें, खांदे, मनगटें, कंबर व मांड्यांचे सांधे मोकळे करावयाचे. मग अढी. दोन्ही पायांनीं खांबाला घट्ट विळखा घालणें म्हणजे अढी. ती पक्की झाल्याशिवाय गुरु पुढचा पाठ देत नाहीं. त्यानंतर उतरण्याची रीत. कारण ज्याला उतरतां येत नाहीं त्याला चढण्याचा अधिकार नाहीं. मग दसरंग, फिरकी, वेल, ताजवे, पताका असे प्रकार. प्रत्येक डाव उजव्या अंगानें साधला कीं डाव्या अंगानेंहि करवून घेतात, म्हणजे शरीर एकीकडे झुकत नाहीं. लवचिकपणा ओढाताणीनें नव्हे, तर दिवसामासांच्या सरावानें येतो, हें या शास्त्राचें मूळ सूत्र आहे. आणि या सर्व काळांत खांबाखालीं मऊ माती किंवा गादी, व शेजारीं हात देणारा एक जाणता माणूस असतोच.

विसाव्या शतकांत ही विद्या तालमींतून नव्या व्यायामशाळांत आली. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें केलीं. दादरचें श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चें. बडोद्यास दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनीं 'व्यायामज्ञानकोशा'चे खंड संपादून ही परंपरा ग्रंथबद्ध केली. मध्य प्रदेशानें २०१३ सालीं मल्लखांबास राज्यक्रीडा ठरविलें. २०१९ च्या फेब्रुवारींत मुंबईंत पहिली जागतिक स्पर्धा झाली व तिला पंधरा देशांचे खेळाडू आले. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ सालीं पद्मश्री मिळाली.

इकडे पाश्चात्त्य देशांत पोलादी खांबावरचें नृत्य नाट्यगृहांतून व रात्रीच्या क्लबांतून निघून व्यायामशाळेंत शिरलें. २०१७ सालीं आंतरराष्ट्रीय क्रीडासंघांच्या महासंघानें त्याच्या संघटनेस निरीक्षकाचा दर्जा दिला होता. आतां असा खांब शहरांतल्या घरांतहि उभा राहूं लागला आहे. मल्लखांबाशीं त्याचें नातें जवळचें, पण भेदहि तितकाच मोलाचा. लांकडाला तेल लागतें. पोलादावर कोरड्या कातडीचीच पकड बसते, आणि तेलाचा हात लागला तर पडणें ओढवतें. पुरलेल्या खांबाला भूमीचा आधार असतो. घरांतला खांब बहुधा छत व फरशी यांमध्यें दाबून बसविलेला असतो. छत जर केवळ शोभेच्या पातळ फळ्यांचें असेल, तर तो खांब उभा न केलेलाच बरा. छत पक्कें आहे कीं नाहीं हें जाणकाराकडून पाहून घ्यावें, प्रत्येक वेळीं चढण्यापूर्वीं खांब हलवून पाहावा, चहूंकडे हात पसरतां येतील एवढी जागा मोकळी ठेवावी, आणि खालीं जाड गादी घालावी.

मात्र सर्वांत मोठा भेद तालीम व घर यांतील आहे. तालमींत शिकणारा कधीं एकटा नसे. चूक झाली कीं गुरूचा हात पुढें येई. घरांत चित्रें पाहून शिकणाऱ्याजवळ खांब असतो, गादी असते, उत्साह असतो. तो हात नसतो. बाळंभटदादांनीं खांबाला प्रतिपक्षी केलें, पण गुरूची जागा त्यांनीं खांबाला दिली नाहीं. राज्य बुडालें तरी ही विद्या तरली, ती त्या शेजारीं उभ्या राहणाऱ्या माणसामुळें. घरांत खांब उभारणाऱ्यानें त्या माणसाची जागा आधीं योजावी, आणि मगच खांबाची.