‘बहिष्कार’ : मराठी वृत्तपत्रांतील एका शब्दाचा प्रवास (१८६९ ते १९२९)

प्रस्तावना :
शब्दाचा अर्थ कोशात स्थिरावतो; परंतु तो पालटतो लोकव्यवहारात आणि या पालटाची नोंद वृत्तपत्रे-मासिकांत राहते. ‘बहिष्कार’ हा संस्कृतातून आलेला शब्द असून ‘बाहेर करणे’ हा त्याचा मूळ अर्थ आहे. मात्र कोणी, कोणाला आणि कशातून बाहेर करावयाचे, या प्रश्नांची उत्तरे साठ वर्षांत तीनदा बदलली. त्या बदलाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जातीचा दंड :
एकोणिसाव्या शतकात बहिष्कार हा प्रामुख्याने जातीने दिलेला दंड होता. रोटी-बेटी व्यवहार तोडणे, पंक्तीतून उठविणे हे त्याचे स्वरूप. १८६९ मध्ये ‘इंदुप्रकाश’चे विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने मुंबईत विधवाविवाह झाला, तेव्हा विवाहाच्या पुरस्कर्त्यांवर शंकराचार्यांनी बहिष्कार घातला. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानाला उपस्थित राहिलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्राने छापली आणि ग्रामण्य उद्भवले. प्रायश्चित्ताचा प्रश्न न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक या दोघांनाही टाळता आला नाही. येथे वृत्तपत्र केवळ बातमी देणारे राहिले नाही. जातीच्या दंडाला त्याने जाहीर रूप दिले.

स्वदेशीचे शस्त्र :
१९०५ मध्ये बंगालच्या फाळणीविरुद्ध चळवळ उभी राहिली. ७ ऑगस्ट रोजी कलकत्त्याच्या सभेत विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला आणि ‘केसरी’ने महाराष्ट्रात त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. इंग्रजीतील ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० मध्ये आयर्लंडमधील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी सर्व व्यवहार तोडले, त्यातून रूढ झालेला. मराठीला त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. जातिव्यवहारातील जुनाच शब्द राजकारणात आला. कर्ता आता जात नव्हे, राष्ट्र होते. कर्म माणूस नव्हे, माल होता. स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने हा शब्द चतुःसूत्रीत बसला आणि त्याला प्रतिष्ठा लाभली.

बहिष्कृतांचा स्वर :
राजकीय अर्थ रूढ झाल्याने जुना अर्थ लोपला नाही. १९२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले. व्याकरणदृष्ट्या ‘बहिष्कृत’ हे कर्मवाचक रूप आहे. ज्याच्यावर क्रिया घडली, त्याचे ते वर्णन करते. पाक्षिकाच्या नावात मात्र तेच रूप बोलणाऱ्याची ओळख झाले. ‘भारत’ या शब्दाशी त्याचा समास करून राष्ट्राच्या नावाने बोलणाऱ्यांनाही प्रश्न विचारला गेला : राष्ट्रातून कोणाला बाहेर ठेवले आहे?

हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हता. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात खेड्यांतील अस्पृश्यांवरील बहिष्काराची नोंद आहे. हक्क बजावू पाहणाऱ्यांची कामे बंद होत, जमिनी काढून घेतल्या जात, वाटा अडविल्या जात, वाणी जिन्नस देत नसे. परकी सत्तेविरुद्ध गौरविलेले शस्त्र गावात दुर्बलांविरुद्धच चालत होते.

समारोप :
१९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. महाराष्ट्र विधिमंडळाने तसा स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये संमत केला व तो २०१७ मध्ये अंमलात आला. यावरून असे दिसते की, या शब्दाचे अर्थ एकामागून एक आले, तरी नव्याने जुन्याला हटविले नाही. ते शेजारी-शेजारी नांदले. म्हणूनच जुन्या वृत्तपत्रांत ‘बहिष्कार’ हा शब्द आढळताच अभ्यासकाने प्रथम त्याचा कर्ता आणि त्याचे कर्म शोधणे आवश्यक ठरते. बाहेर काढणारा बलिष्ठ आहे की दुर्बळ, यावरच त्या शब्दाचा नैतिक अर्थ अवलंबून असतो.