अक्षराचा अंमल

जयपूरच्या उत्तरेस, सीकरकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून वसलेल्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात रस्त्यांना थोरांची नावे न देता नुसते क्रमांक देण्याची व्यवहारी रीत आहे. आणि अशा एखाद्या रस्त्यावरील कारखान्यात लेथपाशी उभ्या असलेल्या कारागिराकडे क्षणभर निरखून पाहिले, तर यंत्र थांबविताना त्याचा हात लाल खटक्याकडे आपसूक जातो आणि त्या रंगाचे नाव त्याला मनातही उच्चारावे लागत नाही, असे दिसून येते. त्याचा हात रंगाचा हुकूम परस्पर तामील करतो. शिकलेल्या माणसाला रंगाचे नाव सांगावयास बसविले, आणि तो रंग एखाद्या शब्दाच्या शाईचा असला, की त्याची जीभ मात्र अक्षराची ताबेदार होते.

ही ताबेदारी मोजण्याचा उद्योग जुना आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लायप्झिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढल्यावर जे परदेशी विद्यार्थी तेथे दाखल झाले, त्यांपैकी जेम्स मॅकीन कॅटेल या अमेरिकन तरुणाने १८८६ साली असे दाखवून दिले की, छापील शब्द वाचावयास लागतो त्याहून पुष्कळ अधिक अवधी समोरच्या रंगाचे वा चित्राचे नाव सांगावयास लागतो. शब्द पाहणे व तो उच्चारणे यांची सांगड इतक्या वेळा पडलेली असते की ती क्रिया इच्छेवाचून घडते, रंगाचे नाव मात्र प्रयत्नाने हुडकावे लागते, अशी त्यांची उपपत्ती होती. स्वयंचलित क्रिया सरावाची कमाई असते, हे त्यात ओघानेच आले.

शब्द आणि रंग यांची झुंज लावून देण्याचे श्रेय टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे प्रबंध लिहिणाऱ्या जॉन रिडली स्ट्रूप यांना दिले जाते. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील विख्यात प्रयोगात शंभर विद्यार्थी बसले होते. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगावयास त्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. पण ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, ‘निळा’ हा तपकिरी शाईत, अशा भलत्याच रंगांत छापलेल्या शंभर शब्दांच्या शाया ओळखताना तोच अवधी ११०.३ सेकंदांवर गेला. उलट, शाईकडे दुर्लक्ष करून नुसते शब्द वाचावयास सांगितले असता काळ्या अक्षरांच्या मानाने अवघे २.३ सेकंद अधिक खर्ची पडले. पुढच्या प्रयोगात त्यांनी चौकोन काढून टाकले, कारण छापील अक्षरातून कागदाचा पांढरेपणा डोकावतो तसा तो भरीव चौकोनातून डोकावत नाही. आणि त्यांच्या जागी त्यांनी चक्क स्वस्तिके छापली! त्याच वर्षी हे चिन्ह जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर चढत होते आणि आपल्याकडे ते पूर्वीप्रमाणेच उंबरठ्यावर आणि चोपड्यांच्या पहिल्या पानावर मुकाट बसले होते. स्वतः स्ट्रूप पुढे बायबलच्या अध्यापनात रमले. त्यांच्या तक्त्यावर निबंधांचा डोंगर रचला तो इतरांनी.

आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखाली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला व त्याची धुरा प्रा. व्ही. के. कोठूरकर यांच्याकडे आली. महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांत स्ट्रूपचा तक्ता रुळला याचे कारण, माझ्या मते, तात्त्विक कमी आणि जमाखर्चाचे अधिक आहे. कार्डशीट, चार स्केचपेने आणि एक स्टॉपवॉच एवढ्यावर हा प्रयोग पार पडतो. ‘प्रयोज्य’ म्हणून बहुधा बाकावरचा सोबतीच बसविलेला असतो. तिसऱ्या ओळीपाशी तो अडखळतो, ‘हिर… नाही, लाल’ असे म्हणून बोटाने ओळ धरू पाहतो, आणि हसू दाबीत असलेला प्रयोगकर्ता त्याची नोंद जर्नलमध्ये ‘चूक, सुधारली’ अशी करतो. चाणाक्ष विद्यार्थी अर्ध्या मंडळींना आधी चौकोन व अर्ध्यांना आधी शब्द देतो, एरवी सरावाचा लाभ एकाच बाजूच्या पदरी पडावयाचा. मराठी तक्त्यात आणखी एक खोच आहे: ‘लाल’ला लिंग-वचनाचा विकार नाही, पण ‘निळा’, ‘हिरवा’, ‘पिवळा’ यांना तो आहे, आणि कोणी शाईला उद्देशून ‘हिरवी’ म्हटले तर ती चूक धरावी की नाही, हे अगोदरच ठरवून घ्यावे लागते.

परंतु या साऱ्यामागे एक गृहीत दडलेले आहे, ते शाळेचे. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता १८.३३ टक्के भरली. म्हणजे पुण्यात तो विभाग निघाला त्या सुमारास बहुसंख्य भारतीय या तक्त्यापुढे अडखळलेच नसते, कारण ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याला ते अडवीतही नाही. १९६२ साली कोमाली, वॅपनर व वर्नर यांनी सात ते ऐंशी वर्षे वयाच्या माणसांवर हा प्रयोग केला, तेव्हा सर्वांत मोठा अडथळा सात वर्षांच्या, म्हणजे नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांना झाला. तारुण्यापर्यंत तो उतरत गेला आणि म्हातारपणी पुन्हा वाढला.

म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने हा तक्ता कॉलेजच्या खोलीबाहेर काढून विश्वकर्मा क्षेत्रात, पाळी सुटण्याच्या वेळी, फाटकापाशी न्यावा, असे मला फार वाटते. तेथे दहावी झालेला फिटर, सहीपुरते अक्षर येणारा हमाल आणि उतारवयात वाचावयास शिकलेला मिस्त्री एकाच चहाच्या टपरीवर भेटण्याचा संभव आहे, आणि अशी सरमिसळ कोणत्याही वर्गात मिळत नाही. तक्ता अर्थातच हिंदीत लिहावा लागेल. प्रत्येकाची अनुमती घ्यावी, शाळेत किती वर्षे गेली ते विचारावे, आणि रंगांधळेपणासाठी १९१७ पासून चालत आलेल्या इशिहाराच्या ठिपकेदार पाट्या आधी दाखवाव्यात. नाहीतर ज्याला लाल-हिरव्याचा भेदच दिसत नाही, त्याचा विलंब बिचाऱ्या अक्षराच्या खात्यावर मांडला जाईल.