साडेदहा पौंडांची होडी

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस अ‍ॅडिरॉन्डॅक हा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे नद्या व सरोवरे पुष्कळ, पण सलग नाहीत. मधली वाट होडी खांद्यावर घेऊन चालावी लागते. एकोणिसाव्या शतकात हौशी प्रवासी त्यासाठी वाटाड्या घेत. वाटाड्याची होडी ३० किलोच्या आसपास भरे. ज्याच्याजवळ पैसे नाहीत आणि अंगात बळही नाही, त्याने काय करावे?

‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स असेच होते. वय साठीच्या घरात, वजन सुमारे ५० किलो, प्रकृती तोळामासा. त्यांच्यासाठी कॅन्टन गावचे कारागीर जे. हेन्री रश्टन (१८४३-१९०६) यांनी १८८० मध्ये सुमारे १८ पौंडांची, म्हणजे ८ किलोंची होडी बांधली. पुढे १८८३ मध्ये ‘सेअरी गॅम्प’ तयार झाली: लांबी ९ फूट, वजन फक्त साडेदहा पौंड, म्हणजे ४.८ किलो! यापेक्षा लहान होडी आता मागू नका, असे रश्टन यांनी सीअर्सना बजावले.

हे साधले कसे? सीडरच्या पातळ फळ्या एकीच्या कडेवर दुसरी अशा बसवल्या आणि आतून बारीक, वाकवलेल्या पट्ट्या जवळजवळ लावल्या. जाडीचे काम रचनेने केले.

आता थोडे गणित करू. माणूस, सामान व होडी मिळून ६० किलो धरू. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ६० लिटर पाणी बाजूला सरेल. होडीने व्यापलेला पाण्याचा पृष्ठभाग सुमारे १ चौरस मीटर मानला, तर होडी सरासरी ६ सेंटिमीटर बुडेल. पहिल्या होडीपेक्षा वाचलेल्या ३ किलोंमुळे पाण्यात फरक पडतो जेमतेम ३ मिलिमीटरचा. खरा फरक पडतो तो खांद्यावर. नदीवरचा प्रवास जमिनीवरच्या ओझ्यावर ठरत होता, हे रश्टन यांच्या कामाचे मर्म आम्हाला वाटते.

त्या उन्हाळ्यात सीअर्स यांनी एकट्याने २६६ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर प्रवास केला. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ नियतकालिकातील त्यांचे लेख वाचून वाटाड्याशिवाय निघण्याचा धीर इतरांनाही आला. आज ‘सेअरी गॅम्प’ स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. रश्टन यांच्या नमुन्यांवरून हौशी लोक अजूनही होड्या बांधतात आणि त्या उचलून पाण्याकडे निघतात.

वर्गात एक ट्रे पाण्यावर तरंगवून, वजने ठेवत तो किती बुडतो ते मोजून पाहा. मग तीच वजने पिशवीत घालून मुलांना मैदानाला एक फेरी मारायला सांगा.