श्वसनस्नायूंचे प्रशिक्षण आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोधाच्या (सीओपीडी) रुग्णांसाठी श्वास आत घेणाऱ्या स्नायूंना मोजून प्रशिक्षण देण्याची पद्धती आज सुपरिचित आहे. ‘हे तर आपल्याकडे पूर्वीपासूनच होते’ असे विधान यासंदर्भात वारंवार कानी पडते. सदर विधान इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांचा त्यांनी अभ्यास केला. नौलीत आढळलेल्या ऋण दाबास त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ माधवदासांचे नाव दिले. उड्डियानात पूर्ण उच्छ्वासानंतर हवा आत न घेता छाती फुगविली जाते. म्हणजे बंद श्वासमार्गाविरुद्ध अंतःश्वसनाचे स्नायू आकुंचन पावतात. ब्लॅक व हयात यांनी १९६९ मध्ये प्रमाणित केलेली श्वसनस्नायूंच्या कमाल दाबाची मोजणी तत्त्वतः याच अवस्थेची आहे. तथापि साम्य येथेच संपते. कुवलयानंदांनी दाब मोजला. भार ठरवून तो क्रमाने वाढविला नाही, आणि त्यांचे लक्ष्य फुप्फुसरुग्णही नव्हते. फुगलेल्या छातीच्या रुग्णाला पूर्ण उच्छ्वास मुळात साधतच नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

प्राणायामाने शरीरास अधिक प्राणवायू मिळतो, हा समज मात्र त्यांनी स्वतःच वायूंचे मोजमाप करून नाकारला होता. योगदिनाच्या व्यासपीठांवरून आजही त्याच समजाचा उद्घोष व्हावा, हा विपर्यासच म्हणावा लागेल.

स्नायूंवर मोजका भार देण्याची कल्पना लीथ व ब्रॅडली यांच्या १९७६ मधील, निरोगी व्यक्तींवरील प्रयोगातून रुजली. दोनच वर्षांनी टंडन यांनी ‘थोरॅक्स’मध्ये तीव्र अवरोध असलेल्या ११–११ पुरुष रुग्णांच्या दोन गटांची नऊ महिन्यांची तुलना प्रसिद्ध केली. योगगटाची कमाल श्रमक्षमता वाढली. भौतिकोपचार गटात तशी वाढ दिसली नाही. गट लहान होते, हे विसरता येत नाही. पुढे २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या चाचणीत, पुनर्वसन कार्यक्रमास अशा प्रशिक्षणाची जोड दिल्यावर स्नायूंची ताकद वाढली. सहा मिनिटांत चालण्याचे अंतर मात्र त्यामुळे अधिक वाढले नाही.

साळवी व बार्न्स यांनी २००९ मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील या विकाराकडे लक्ष वेधले, त्यात चुलीचा धूर हे एक प्रमुख कारण होते. रिसोड परिसरात चुलीपुढे आयुष्य गेलेल्या स्त्रियांना वरील इतिहासाचा उपयोग व्हायचा असेल, तर आधी त्यांच्या श्वासाची मोजणी व्हावयास हवी. कुवलयानंदांनीही आरंभ मोजणीपासूनच केला होता.