खानदेशातील इंग्रजी-शिक्षक आणि भाषाशास्त्राचा अभ्यासक्रम

इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकास इंग्रजी वाङ्मयाच्या ज्ञानाबरोबर भाषाशास्त्राचेही पद्धतशीर शिक्षण असावे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीचा चांगला शिक्षक म्हणजे शेक्सपिअर व मिल्टन वाचलेला आणि व्याकरणाचे नियम मुखोद्गत असलेला पदवीधर, अशीच समजूत होती. खानदेशाच्या बाबतीत या गोष्टीला एक विशेष बाजू आहे. ज्या प्रदेशात इंग्रजी-शिक्षकाला भाषाशास्त्र सर्वांत उशिरा भेटले, त्याच प्रदेशाच्या बोलीविषयी भाषाशास्त्रज्ञ कितीतरी आधीपासून वाद घालीत होते.

भारतीय भाषांचा ऐतिहासिक अभ्यास मुंबई विद्यापीठात रुजला तो डॉ. रा. गो. भांडारकरांच्या १८७७ मधील विल्सन व्याख्यानांनी. पुढे ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खानदेशी, म्हणजेच अहिराणी, ही मराठीबरोबर न घालता भिल्ली बोलींच्या शेजारी ठेवण्यात आली व तिचे नाते गुजरातीकडे जोडण्यात आले. सातवा, म्हणजे मराठीचा, खंड त्यापूर्वी दोनच वर्षे निघाला होता. मराठी पंडितांना हे वर्गीकरण रुचले नाही आणि अहिराणी ही मराठीचीच बोली होय, असा पक्ष त्यांच्यापैकी अनेकांनी हिरिरीने मांडला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठीच्या व्याकरणाचा व व्युत्पत्तीचा जो प्रचंड उद्योग केला, त्याच्या अखेरच्या पर्वाचा संबंध धुळ्याशी आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे देहावसान धुळ्यातच झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या शहरात उभे राहिले. सारांश, भाषेचा विचार धुळ्याला परका नव्हता. तथापि हा सर्व विचार शब्दांच्या कुळांचा होता. शाळेच्या बाकावर बसलेले मूल दुसरी भाषा कशी आत्मसात करते, हा प्रश्न त्यात कोणी विचारला नाही. व त्या काळी तो भाषाशास्त्राचा प्रश्न आहे असे युरोपातही थोड्यांनाच वाटत होते.

शाळांतून इंग्रजी चालत होती ती भाषांतर-पद्धतीने. तर्खडकरांच्या पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्यात खानदेशच्याही. या पद्धतीला आज नावे ठेवणे सोपे आहे. परंतु आठवड्याला भरपूर तास, निवडक विद्यार्थी आणि कडक शिक्षक असले म्हणजे तीही फळे देत असे. तिचा पाया ढासळला तो स्वातंत्र्यानंतर. मुंबई सरकारने इंग्रजी खालच्या इयत्तांतून काढून आठवीपासून सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. त्याच सुमारास माध्यमिक शिक्षण खेड्यापाड्यांत पसरू लागले. वर्षे कमी झाली व विद्यार्थी वाढले. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ ची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर खानदेशातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. या वर्गांत येणारा विद्यार्थी शेतकऱ्याच्या घरातून, पुष्कळदा कुटुंबातला पहिलाच शिकणारा, असा येऊ लागला. जुनी पद्धत त्याला पुरेना. नवी कोणती, हे शिक्षकाला कोणी सांगितलेले नव्हते.

तिचे उत्तर भाषाशास्त्राकडून येईल, असा विश्वास त्या दशकात जगभर होता. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्रीझ यांनी १९४१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविण्याची संस्था चालविली होती. शिकणाऱ्याची स्वभाषा व इंग्रजी यांची शास्त्रशुद्ध तुलना करून जेथे दोन्ही भिन्न आहेत तेथेच पाठांचा भर ठेवावा, हे त्यांचे सूत्र. त्यांचे सहकारी रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये या तुलनेची रीत ग्रंथरूपाने मांडली. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९५४ पासून भाषाशास्त्राची सत्रे भरू लागली. वर्णनात्मक भाषाशास्त्र भारतीय अध्यापकांपर्यंत पोहोचण्याचा हा मोठा मार्ग ठरला. १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. तेथील अभ्यासक्रमात ध्वनिशास्त्र, इंग्रजीची रचना आणि अध्यापन-पद्धती हे विषय वाङ्मयाच्या बरोबरीने बसले. त्याच वर्षी अशोक केळकर यांनी कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध सादर केला; १९६२ पासून ते डेक्कन कॉलेजात होते. इंग्रजीशी तुलना करावयाची तर मराठीचे आधुनिक वर्णन हवे, आणि ते आता उपलब्ध होते.

या अभ्यासक्रमांनी मराठी शिक्षकाला खरोखरच काही दिले. मराठीत एकच व असल्यामुळे इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनी तो एकाच रीतीने उच्चारतो, हे त्याला कळले. त्याचा ट व ड मूर्धन्य आहे, इंग्रजीचा तसा नाही, हेही कळले. शब्दातील आघाताने अर्थ बदलणे मराठीला अपरिचित. म्हणून नाम व क्रियापद यांतील इंग्रजी आघातभेद त्याच्या कानाला ऐकूच येत नसे. उपपदांच्या चुका आळसाच्या नसून मराठीत उपपदच नसल्याच्या आहेत, ही जाणीव तर वर्गातील वातावरण बदलणारी होती. पुढे हैदराबादच्याच टी. बालसुब्रह्मण्यन् यांचे भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले ध्वनिशास्त्राचे पाठ्यपुस्तक १९८१ मध्ये निघाले आणि ते देशभर वापरले गेले.

परंतु या तुलनेत एक पद गृहीत धरलेले होते. ते म्हणजे स्वभाषा. धुळ्याच्या वर्गातील मुलाची स्वभाषा कोणती? अभ्यासक्रमाचे उत्तर, मराठी. शाळेच्या दाखल्यातही मराठी. मुलाच्या घरी मात्र मराठी नव्हती, अहिराणी होती.

हा भेद किरकोळ नाही, हे एका क्रियापदावरून दिसते. प्रमाण मराठीत वर्तमानकाळी क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते: तो जातो, ती जाते. पुरुषाप्रमाणेही बदलते: तू जातोस, तो जातो. अहिराणीत मी जास, तू जास, तो जास, ती जास, अनेकवचनी जातस. एकवचनात एकच रूप, त्यात लिंग नाही व पुरुषही नाही. बदल केवळ वचनाचा. (भूतकाळात मात्र लिंगभेद आहे: तो गया, ती गयी.) आता इंग्रजीचा शिक्षक वर्गात उभा राहून सांगतो की, “तुमच्या भाषेत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलते, इंग्रजीत बदलत नाही, हे ध्यानात ठेवा.” पुण्याच्या मुलाला ही सूचना उपयोगाची आहे. साक्री-शिरपूरच्या मुलाला तिचा पूर्वार्धच खोटा आहे. त्याच्या भाषेतही वर्तमानकाळी क्रियापद लिंगाने बदलत नाही. इंग्रजी येथे त्याच्या घरच्या बोलीला मराठीपेक्षा जवळची आहे. शिक्षकाने आधी त्याच्यावर मराठीचा भेद लादला, मग इंग्रजीसाठी तो विसरावयास सांगितले.

तृतीय पुरुषी एकवचनाचे इंग्रजी रूप हे तर सर्व शिक्षकांचे दुखणे. मराठी मूल अंत्य स गाळते, तेव्हा बहुधा इंग्रजीतील इतर रूपांचा एकसारखेपणा त्याला भुलवितो, असे स्पष्टीकरण देता येते. अहिराणी मुलाच्या मनात सर्व एकवचनी रूपे आधीच सकारान्त आहेत. तो प्रथमपुरुषीही स लावीत असेल काय? लावीत असेलच असे केवळ तुलनेवरून म्हणता येत नाही. वर्गातील वह्या पाहिल्यावाचून असे निष्कर्ष काढू नयेत. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि मराठीवर बेतलेल्या अभ्यासक्रमात तो उद्भवतच नाही. चालू क्रियेसाठी अहिराणीत ‘तो करी राहिना’ अशी स्वतंत्र रचना आहे, साध्या ‘करस’हून निराळी. इंग्रजीतील या दोन काळांचा भेद शिकविताना ती थेट हाताशी घेता आली असती.

ध्वनींचेही तसेच. खानदेशात ळ चा य होतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. हा उच्चार सुधारण्यात प्राथमिक शाळेची बरीच शक्ती व पुष्कळदा छडीही खर्ची पडत आली. इंग्रजीत ळ नाही. निदान त्या एका बाबतीत इंग्रजीच्या तासाला खानदेशी मूल निर्भय असावयास हरकत नव्हती. पण बोलण्याबद्दल एकदा लाज वाटू लागली की ती विषय पाहून थांबत नाही.

पूर्वेकडे वळले की चित्र पुन्हा बदलते. यावल, रावेर, भुसावळ या भागातील लेवा बोली क्रियापदाच्या बाबतीत मराठीला जवळची आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेच्या भाषेला सरसकट अहिराणी म्हणण्याची चाल आहे, ती बरोबर नाही. ती लेवा वळणाची आहे. म्हणजे जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांनाही एकच तुलना पुरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबार भागात, भिल्ली बोली बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठी हीच मुळात दुसरी भाषा, इंग्रजी त्यानंतरची.

इंग्रजीचे अध्यापन व भाषाशास्त्र हे दोन प्रवाह खानदेशातील एका व्यक्तीत मात्र लवकर एकत्र आले. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, यावल तालुक्यातील सांगवीचा. डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, मुंबई विद्यापीठातून इंग्रजी वाङ्मयाची. इंग्रजीचे अध्यापक म्हणून त्यांनी ज्या गावी काम केले त्यांत धुळेही आहे. कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती इतकी झाली की हा भाग झाकला गेला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाचा समाजभाषाशास्त्रीय व शैलीवैज्ञानिक अभ्यास आहे. दिशा उलटी आहे हे खरे: मराठीचे इंग्रजीवर काय होते हे न पाहता इंग्रजीने मराठीचे काय केले हे त्यात पाहिले आहे. तरी इंग्रजीच्या अध्यापकाने आपल्या भूमीच्या भाषेकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहावे, याचा तो ठळक नमुना होय.

१९९० च्या १५ ऑगस्टला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. खानदेशाच्या शिक्षकाला शिकविणारे विद्यापीठ आता खानदेशातच होते. तोपर्यंत भाषाशास्त्रातील मतेही पालटली होती. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले होते की शिकणाऱ्याची चूक हा दोष नसून तो मनाशी भाषेची कोणती व्यवस्था बांधीत आहे याचा पुरावा आहे. चुकांचे भाकीत दोन व्याकरणे शेजारी ठेवून पूर्णतः करता येत नाही. फ्रीझ-लाडोंची तुलना त्यामुळे मागे पडली. खानदेशात मात्र ती पुरी होण्यापूर्वीच मागे पडली, ही खेदाची गोष्ट आहे. अहिराणी व इंग्रजी यांची सांगोपांग तुलना अभ्यासक्रमाचे अंग बनण्याआधीच तुलनेचे युग संपले. चुकांच्या अभ्यासालाही ती मागे पाहण्यापुरती लागतेच, कारण चूक कोणत्या व्यवस्थेतून निघाली हे ओळखण्यास ती व्यवस्था ठाऊक असावी लागते.

२००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. आठवीचा विद्यार्थी निदान सात वर्षे मराठी शिकून इंग्रजीकडे येत असे. सहा वर्षांचे मूल घरची बोली घेऊनच येते. त्यामुळे बोलीचा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला. दुसरीकडे, जनगणनेत खानदेशी भाषा सांगणाऱ्यांची संख्या २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. बोलणारे खरोखरच घटले, की अधिकांनी मराठी सांगितली, हे आकड्यांवरून ठरत नाही. इंग्रजी-शिक्षकाच्या दृष्टीने दुसरी शक्यता महत्त्वाची आहे. कारण दाखल्यावर मराठी असलेल्या त्या मुलाच्या तोंडी ‘जास’ हेच रूप असणार.

सामग्रीची उणीव आता पूर्वीसारखी नाही. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शास्त्रीय अभ्यास व शब्दकोश सिद्ध केला आहे. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र-खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये निघाला असून त्यात खानदेशच्या बोली आहेत. ही पुस्तके मराठी विभागाच्या कपाटात असतात. इंग्रजीच्या शिक्षकाला ध्वनिशास्त्र शिकविले जाते ते बहुधा दुसऱ्या मजल्यावर.